गारपगारी गेला, गारा राहिल्या

दर फेब्रुवारीत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक ठरावीक बातमी येते. काश्मीरात जोरदार हिमवृष्टी, जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद, शेकडो वाहने अडकून पडली. जालना जिल्ह्यातल्या आष्टीत बसून ही बातमी वाचणाऱ्याला ती परमुलखातली वाटते, आणि वाटणे साहजिक आहे. आष्टीच्या शिवारात तेव्हा ज्वारी दाण्यात आलेली असते, हरभरा घाटे धरून वाळू लागलेला असतो, गव्हावर पिवळी झाक चढलेली असते. हिमाचा आणि या काळ्या जमिनीचा संबंध काय? परंतु संबंध आहे. हिमालयात बर्फ पाडणारे पश्चिमी विक्षोभ कधी कधी आपला पदर दक्षिणेकडे बराच खाली सोडतात. त्या थंड वाऱ्यांना बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा मध्य भारतावर येऊन भिडली, की विदर्भ-मराठवाड्याच्या आभाळात ढगांचे मनोरे उभे राहतात. मग आष्टीलाही बर्फ दिसतो. तो हिमासारखा अलगद उतरत नाही, गार होऊन कोसळतो.

महाराष्ट्रात आष्ट्या पुष्कळ आहेत. इतिहासाच्या वाचकाला आठवते ती सोलापूरकडची, जिथे १८१८ च्या फेब्रुवारीत बापू गोखले पडले. वर्धा जिल्ह्यातली आष्टी १९४२ च्या आंदोलनामुळे प्रसिद्ध झाली. बीड जिल्ह्यातली आष्टी तालुक्याचे ठिकाण म्हणून सर्वांना ठाऊक आहे. आम्ही ज्या आष्टीविषयी लिहीत आहोत ती यांपैकी एकही नव्हे. ती परतूर तालुक्यातली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा होईपर्यंत परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. कोणत्याही गाजलेल्या लढाईशी या आष्टीचे नाव जोडलेले नाही. अशा गावांचा इतिहास लिहायचा तर तो पिकांचा आणि आभाळाचाच लिहावा लागतो, आणि आमच्याकडे नेमका तोच लिहिला जात नाही. अवर्षणाला निदान दुष्काळाच्या नोंदी तरी लाभल्या. गारपिटीला तेवढेही भाग्य नाही. ती पाऊण तासात येऊन जाते. एक शिवार झोडपते आणि बांधापलीकडचे दुसरे तसेच सोडते.

परंतु या आपत्तीने आपल्या ग्रामव्यवस्थेत एक माणूस मात्र निर्माण केला होता. त्याचे नाव गारपगारी.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द सापडतो. त्याची अधिक तपशीलवार हकिकत रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या चार खंडांच्या ग्रंथात दिली आहे. गारपगारी हे मूळचे नाथपंथी जोगी. हाच व्यवसाय धरल्यामुळे त्यांची निराळी जात बनली. त्यांची वस्ती मुख्यतः मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या मराठी मुलखात. आजचा जालना जिल्हा बुलढाण्याला, म्हणजे वऱ्हाडाला लागूनच आहे, आणि १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत दोन्हीकडे निजामाचाच अंमल होता. तेव्हा आष्टी या नोंदींच्या मुलखाच्या वेशीवर उभी आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

गारपगाऱ्याचे काम एकच. गावाच्या पिकावर येणारी गार परतवायची. रात्रीच्या आभाळात धूर आणि ज्वाळा मिसळाव्यात तसा काळा-तांबडा रंग दिसला, की गार येणार हे त्याने ओळखायचे. मग हातात तलवार घेऊन मारुतीपुढे उभे राहायचे आणि ढग पांगव म्हणून विनवायचे. विनवणीने भागले नाही तर धमकी द्यायची. अंगावरची वस्त्रे टाकायची, जीव देईन म्हणायचे. कधी बायकापोरांनाही देवापुढे आणून उभे करायचे. पूर्वी हा माणूस खरोखरच अंगावर वार करून घेई, पुढे पुढे बोटातून रक्ताचे चार थेंब काढण्यावर भागू लागले, असे या ग्रंथकारांनी ऐकून नोंदवले आहे. या कामाबद्दल त्याला कुणब्यांकडून धान्य मिळे. काळ बदलला, त्याच्या सामर्थ्यावरचा विश्वास उडत गेला, तसतसे हे धान्यही आटले आणि गारपगारी इतर कामांकडे, शेतीकडे वळले.

हे वाचून आजचा सुशिक्षित वाचक हसतो. आम्हीही प्रथम हसलो. परंतु हसण्यापूर्वी युरोपाकडे एकदा पाहून घ्यावे. तिथे शतकानुशतके गारांचे ढग पांगवण्यासाठी चर्चच्या घंटा बडवल्या जात. घंटांवरचा विश्वास उडाल्यावर तोफा आल्या. ऑस्ट्रियातील स्टिगर नावाच्या द्राक्षबागाईतदाराने १८९६ साली नरसाळ्यासारख्या तोंडाची तोफ आभाळाकडे रोखून उडवण्यास सुरुवात केली आणि चारपाच वर्षांत ऑस्ट्रिया-इटलीच्या द्राक्षमळ्यांत अशा हजारो तोफा उभ्या राहिल्या. पुढे सरकारी देखरेखीखाली चाचण्या झाल्या, तोफांचा उपयोग शून्य ठरला आणि त्या मागे पडल्या. रसेल आणि हिरालाल गारपगाऱ्याची हकिकत लिहीत होते, त्याच्या थोडेच आधी सुधारलेला युरोप आभाळावर तोफा डागत होता. फरक एवढाच की आमच्या माणसाने शस्त्र स्वतःवर रोखले होते.

मग गारपगाऱ्याकडून शिकण्यासारखे काय? त्याचा मंत्र नव्हे, त्याची नेमणूक. गार ही एकेकट्या शेतकऱ्याची आपत्ती नाही, ती गावाची आहे. तिच्यासाठी आभाळावर नजर ठेवणारा माणूस हवा. त्याचे पोट गावाच्या सुगीतून भरावे आणि गार पडली तर त्याला गावाला तोंड द्यावे लागावे, एवढे शहाणपण त्या व्यवस्थेत होते. उपाय खोटा होता, जबाबदारी खरी होती.

याच काळात दुसरा पहारेकरी घडत होता. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादेत गारांनी २४६ माणसे मारली. जागतिक हवामान संघटनेच्या दप्तरी गारपिटीच्या बळींचा आजही हाच उच्चांक आहे. परंतु त्या काळी खात्याची खरी चिंता मोसमी पाऊस आणि समुद्रावरची वादळे ही होती. हैदराबाद-मनमाड लोहमार्ग १९०० च्या सुमारास पुरा होऊन परतूरच्या स्थानकात गाडी आली, तारा आल्या. तरी आष्टीच्या शेतकऱ्याला उद्या गार पडेल असे सांगणारी तार कोणी करू शकत नव्हते. गारेचा ढग दहावीस कोसांचा, त्याचे आयुष्य घटकाभराचे. दूरदूरच्या वेधशाळांच्या जाळ्यातून तो सहज निसटे.

गार बनते कशी, हे आता पुरेसे उलगडले आहे. पावसाळ्यात आपल्याकडे हवा गोठण्याची पातळी सुमारे पाच किलोमीटर उंचीवर असते. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती बरीच खाली असते. खालची जमीन दुपारी तापते, वरची हवा थंड असते, आणि ढगातला झोत थेंबांना उचलून गोठणपातळीच्या वर नेतो. तिथे बर्फाच्या कणावर अतिशीत पाण्याचे थर चढत जातात. झोताला वजन पेलेनासे झाले की गार सुटते. गोठणपातळी खाली असल्यामुळे वाटेत तिला वितळायला अवसर मिळत नाही. म्हणून आमच्या गारा पावसाळ्यात नव्हे, फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत पडतात. नेमक्या रब्बी हाताशी आलेली असताना, आणि जालन्याच्या मोसंबीवर आंबिया बहाराची फुले आणि कोवळी फळे असताना.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यावर गारा पडत राहिल्या. २८ जिल्ह्यांना फटका बसला. एखाद्या दिवसाची आपत्ती दोन आठवडे लांबलेली लोकांनी प्रथमच पाहिली. त्यातच ५ मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली आणि मदतीच्या घोषणेला निवडणूक आयोगाच्या संमतीची वाट पाहावी लागली. अखेर कोरडवाहूला हेक्टरी १०,००० रुपये, बागायतीला १५,००० आणि फळबागांना २५,००० असे दर ठरले. पुढे ११ फेब्रुवारी २०१८ रोजी, रविवारी सकाळी, जालना आणि बीड जिल्ह्यांवर गार कोसळली. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षे आडवी झाली. जालना जिल्ह्यात माणसेही दगावली. त्या वेळी हवामान खात्याने विदर्भ-मराठवाड्याला गारपिटीचा इशारा आधी दिलेला होता. काळे-तांबडे आभाळ आता उपग्रह आणि रडार पाहत होते, आणि त्यांचे पाहणे चुकले नव्हते.

आमच्या मते या इतिहासातला खरा पेच इथे आहे. गारपगाऱ्याला गार कळत नव्हती; तो नुसता उत्तरदायी होता. आजच्या पहारेकऱ्याला गार कळते. चार दिवस आधी जिल्ह्याच्या नकाशावर पिवळा किंवा नारिंगी रंग चढतो, तीन तास आधी भ्रमणध्वनीवर संदेश येतो, परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून पीकसल्ला निघतो. या ज्ञानाने जीव वाचतात, ही लहान गोष्ट नव्हे. इशारा ऐकून आष्टीचा माणूस परतूरच्या रस्त्यावर दुचाकी काढत नाही, झाडाखाली थांबत नाही, गुरे गोठ्यात घेतो, कापून पडलेला हरभरा ताडपत्रीखाली ढकलतो. परंतु उभी ज्वारी कुठे ढकलायची? मोसंबीची बाग कशाखाली झाकायची? तीन तासांत जे वाचते ते वाचते. उरलेल्याचे काय, याचे उत्तर रडारपाशी नसते, आणि ते त्याच्याकडून मागूही नये.

ते उत्तर समाजाने द्यायचे असते. २०१६ साली आलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपीट ही स्थानिक आपत्ती मानली गेली. शेतकऱ्याने ७२ तासांत खबर द्यावी आणि त्याच्या एकट्याच्या शेताचे नुकसान पाहिले जावे, अशी तरतूद झाली. तिच्या अंमलबजावणीविषयी तक्रारी पुष्कळ असल्या, तरी गारेचा स्वभाव ओळखणारी ती तरतूद होती. महाराष्ट्राने २०२३ मध्ये एक रुपयात विमा दिला. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद केली आणि त्याबरोबर स्थानिक आपत्तीची भरपाईही योजनेतून वगळून पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर सारा भर दिला. एका रुपयाचे गैरवापर झाले हे खरे. पण सरासरी आणि गार यांचे मुळातच वैर आहे. बांधाच्या अलीकडे भुईसपाट आणि पलीकडे शाबूत, अशा दोन शेतांची सरासरी काढली की ती कागदावर निम्मे पीक दाखवते. अलीकडच्याच्या खळ्यात मात्र काहीच येत नाही.

गारपगाऱ्याला परत आणावा असे कोणी म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही. त्याच्या तलवारीने एकही ढग परतला नाही. परंतु ज्या गावांनी त्याला धान्य दिले, त्यांनी एक गोष्ट मानली होती. आभाळाकडे पाहणाऱ्या माणसाची खालच्या शेताशी बांधिलकी असली पाहिजे. आज आपण पाहणे एका खात्याला दिले, पंचनामा दुसऱ्याला आणि भरपाई तिसऱ्याला. यंदा काश्मीरचा रस्ता बंद झाल्याची बातमी येईल तेव्हा आष्टीच्या शेतकऱ्याला ती परक्या मुलखाची वाटणार नाही. एवढे हवामानशास्त्र त्याला आता कळते. तो इशारा वाचेल, गुरे बांधील, ताडपत्री ओढील, आणि मग दारात उभा राहून आपल्या उभ्या ज्वारीकडे पाहत राहील.