डब्यावरचा आकडा आणि मे महिन्यातली दुपार

आज माझ्या आवाजामागे घर्र असा आवाज येत असेल तर हेडफोन तपासत बसू नका. टेबलाखाली एक जुना काळा डबा चालू आहे, त्याचा पंखा आहे तो. आजचा भाग त्या डब्याबद्दल, आणि अशा डब्यांचा वेग कंपनीच्या नकळत वाढवणाऱ्या लोकांबद्दल. या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मी तो दारव्ह्यात घरी बसून केला आणि एकदा सपाटून आपटलो. तेही सांगतो, पण आधी इतिहास. कारण तो माहीत नसतानाच मी हात घातला होता.

डबा म्हणजे काय, तर कंपनीने तयार करून विकलेला कॉम्प्युटर. आपल्याकडे दोन जाती होत्या, ब्रँडेड आणि असेंबल्ड. असेंबल्ड म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर नागपूरच्या सीताबर्डीतून सुटे भाग आणून ओळखीच्या पोराकडून जोडून घेतलेला. ब्रँडेड घ्यायचे बँका, सरकारी कचेऱ्या, मोठी ऑफिसं. तीन-चार वर्षांनी तिथे नवा माल आला की जुने डबे ढिगाने बाजारात यायचे. 2001 नंतर एमएस-सीआयटीमुळे तालुक्याच्या गावातही कॉम्प्युटर क्लास निघाले आणि कॉम्प्युटर म्हणजे काय हे घराघरात कळलं. नवा घ्यायला पैसे कुठून आणायचे? मग जुना डबा. आमचाही तसाच आला, डिसेंबर 2009 मध्ये, नागपूरहून, एसटीच्या शेवटच्या सीटवर बाबांच्या मांडीवर. आठ हजार रुपये, मॉनिटरसकट. आत इंटेलचा पेंटियम ड्युअल-कोर ई2160, वेग 1.8 गिगाहर्ट्झ.

हा 1.8 आकडा येतो कुठून? प्रोसेसर एका ठोक्यावर चालतो. लेझीमच्या पथकात हलगीच्या ठोक्यावर सगळे पाय टाकतात, तसं. मदरबोर्डवरून एक मूळ ठोका येतो आणि प्रोसेसर त्याला ठरलेल्या आकड्याने गुणतो. माझ्या चिपमध्ये मूळ ठोका 200 मेगाहर्ट्झ आणि गुणक 9, म्हणून 1800. हलगी जोरात वाजवली तर पथक जोरात नाचेल. कुठवर, ते नाचणाऱ्यांच्या दमावर.

आता गंमत ऐका. चिपा एकाच प्रकारच्या सिलिकॉनच्या चकतीवरून कापून निघतात, मग कंपनी त्या तपासून प्रत्येकीवर आकडा टाकते. पण बाजारात मागणी असते स्वस्त मालाला. त्यामुळे जास्त वेगाने धावू शकणाऱ्या चिपेवरही कमी आकडा पडतो. संत्र्याच्या मंडीत वर्गवारी होते तसंच. मोठ्या फळाला गिऱ्हाईक नसलं की तेही मधल्या ढिगात जातं. म्हणजे डब्यावरचा आकडा ही चिपेची मर्यादा असेलच असं नाही. तो बराचसा कंपनीचा हिशोब असतो.

हे लोकांना फार लवकर कळलं. 1984 मध्ये आयबीएमने पीसी एटी काढला. त्यातला 80286 प्रोसेसर 6 मेगाहर्ट्झवर चालायचा आणि ठोका यायचा एका 12 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलमधून. हा छोटासा धातूचा तुकडा सॉकेटमध्ये नुसता खोचलेला असायचा. लोकांनी तो उपटला आणि 16 मेगाहर्ट्झचा खोचला. झाला 8 मेगाहर्ट्झचा एटी, तोही काही डॉलरमध्ये. आयबीएमला हे रुचलं नाही. पुढच्या आवृत्तीत त्यांनी बायोसमध्ये वेगाची तपासणी घातली: जास्त वेगाचा क्रिस्टल सापडला की मशीन सुरूच होणार नाही. म्हणजे विकत घेतलेली वस्तू मालकाला ‘तू माझ्यात हात घातलास’ म्हणून अडवते! आज फोनचं सॉफ्टवेअर बदलताना तुम्हाला जे अनुभव येतात त्याचे आजोबा हेच.

यानंतरच्या काळात डब्यांवर टर्बो नावाचं बटण आलं. पोरांना वाटायचं दाबलं की मशीन सुसाट. खरं तर ते वेग कमी करता यावा म्हणून होतं, कारण जुने गेम नव्या वेगावर खेळताच येत नव्हते. असो.

या छंदाचा खरा सुवर्णकाळ सुरू झाला ऑगस्ट 1998 मध्ये. इंटेलने सेलेरॉन 300ए काढला, सुमारे 150 डॉलरचा. 66 चा ठोका, गुणक 4.5, वेग 300. त्याच सुमारास आलेला पेंटियम टू 450 मात्र साडेसहाशे डॉलरच्या वर. लोकांनी सेलेरॉनला 66 ऐवजी 100 चा ठोका दिला आणि तो 450 वर धावायला लागला. सगळेच नाही, पण इतके धावले की चर्चा जगभर झाली. चांगल्या मदरबोर्डवर हे सेटिंग बदलून करता यायचं. पण तयार डब्यात सेटिंगच नसायचं, आणि इथे आमच्यासारख्यांची अक्कल सुरू होते. प्रोसेसरच्या कार्डावर बी21 नावाचा एक संपर्क होता, ‘मी 66 वाला आहे’ हे मदरबोर्डला सांगणारा. लोकांनी त्याच्यावर टेपचा कपटा लावला, कुणी नेलपॉलिशचा थेंब टाकला. संपर्क तुटला, मदरबोर्डने 100 चा ठोका दिला. नेलपॉलिशने पाचशे डॉलर वाचले असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

2000 साली एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉन चिपांवर तर शिसपेन चालली. गुणक बांधून ठेवायला कंपनीने चिपेवरचे बारीक पूल लेझरने कापले होते. शिसपेनीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते, म्हणून लोकांनी पेन्सिल घेऊन ते पूल पुन्हा जोडले.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. नव्वदच्या दशकात काही व्यापारी चिपेवरचा आकडा घासून वरचा आकडा छापायचे आणि महाग विकायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं 200 ची चिप घेतली, आत 166 ची. गुणकाला कुलूप लावताना इंटेलने हीच फसवणूक पुढे केली होती, आणि ती खरीच होत होती. फक्त कुलूप चोरासाठी म्हणून लागलं आणि अडकला घरमालकही. डब्यांच्या बाबतीत तर आणखी वेगळे प्रकार. नव्वदच्या दशकाच्या शेवटी डेलच्या काही डब्यांत पॉवर सप्लायचा प्लग दिसायला सर्वसाधारण एटीएक्ससारखाच, पण आतल्या तारांची जागा वेगळी. नेहमीचा सप्लाय आणून लावला की मदरबोर्ड जळायचा. जुना डबा उघडणार असाल तर प्लग बसला म्हणजे जमलं असं समजू नका.

आता दारव्हा. 2010 च्या जानेवारीत मी बारावीत होतो आणि अभ्यास सोडून सगळं वाचत होतो. कळलं की ई2160 च्या पोटावरच्या 775 सोनेरी ठिपक्यांमध्ये एक ठिपका शेजारच्या ठिपक्याला जोडला की मदरबोर्ड 200 ऐवजी 266 चा ठोका देतो. 266 गुणिले 9, म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झ. तांब्याच्या वायरीतला केसाएवढा धागा कापला, भिंगाखाली ठेवला, चिप बसवली. ताई दारात उभी.

“काय करून राह्यला रे त्याच्यात?”

“काही नाही ताई, धूळ साफ करून राह्यलो.”

मशीन सुरू झालं. 2.4. मी एकटाच खोलीत नाचलो. मग नियमाप्रमाणे प्राइम95 चालवलं. हे मुळात मोठ्या मूळ संख्या शोधणाऱ्या प्रकल्पाचं सॉफ्टवेअर आहे. ते प्रोसेसरला अवघड गणितं घालतं आणि उत्तर जरा चुकलं की थांबून सांगतं. संध्याकाळी लावलं, लोडशेडिंगच्या आधी साडेपाच तास चाललं. एकही चूक नाही. मी म्हटलं, झालं, कंपनीपेक्षा आपण शहाणे.

ती जानेवारीची रात्र होती, हे मी हिशोबात धरलंच नाही.

उष्णतेचं गणित सोपं आहे. व्होल्टेज तेच ठेवून वेग एक तृतीयांशाने वाढवला की प्रोसेसरची उष्णताही साधारण तेवढ्याच प्रमाणात वाढते. व्होल्टेज वाढवलं तर वर्गाच्या पटीत. आणि पंखा चिपेला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीची हवा तिच्यावर मारतो. चिप खोलीपेक्षा 40 अंश वर चालत असेल तर जानेवारीच्या रात्री 20 अधिक 40, म्हणजे 60. मे महिन्यात आमच्या टिनाखालच्या खोलीत 44 अधिक 40. करा बेरीज. तापलेल्या सिलिकॉनमधून संकेत जरा हळू जातात. एका ठोक्यात पोचायचा संकेत ठोका पडून गेल्यावर पोचतो आणि गणित चुकतं. परदेशातले विक्रमवीर उणे 196 अंशांचा द्रवरूप नायट्रोजन ओततात. साधे छंदी लोकही जे आकडे मिरवतात ते वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये नळाचं पाणीही त्याहून गरम.

मी उपाय काय केला? डबा कूलरसमोर ठेवला. गार हवा आली, सोबत पाण्याचे तुषारही आले. ते पाहून बाबांनी कूलर ओढून स्वतःकडे वळवला. बरंच केलं.

त्या मे महिन्यात ताईचा एम.ए.चा लघुप्रबंध चालू होता. हाताने लिहिलेली वही होती, तीवरून ती रोज लाइट असेल तेव्हा टाइप करायची. 61 पानं झाली होती, जमा करायला आठ दिवस उरले होते. एका दुपारी फाइल उघडली, तर तिसऱ्या प्रकरणापासून पुढे नुसत्या चौकटी. पेनड्राइव्हवरची प्रत उघडली, तिथेही तेच. ती प्रत त्याच मशीनवरून, बिघडल्यानंतर केली होती.

मशीन कधी बंद पडलं नव्हतं, स्क्रीन निळी झाली नव्हती. ओव्हरक्लॉकिंगचा हाच भाग सगळ्यात वाईट. मशीन अडखळलं तर निदान कळतं. ते हसत-खेळत चुकीचं लिहून ठेवतं तेव्हा कळत नाही. त्या दुपारी, तेव्हाच, मी प्राइम95 पुन्हा लावलं. जानेवारीत साडेपाच तास न चुकलेली चिप अकराव्या मिनिटाला चुकली. फाइल त्यामुळेच गेली की दिवसातून चारदा जाणाऱ्या लाइटमुळे, हे आजही छातीठोक सांगता येत नाही. पण मला जे समजायचं ते समजलं. ताईला सगळं सांगितलं, धूळ साफ करण्यापासून.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “वही आण. तू वाच, मी टाइप करतो.” आमच्याकडे बायाही करतो, जातो म्हणतात. त्याआधी मी मदरबोर्डवरून चिप काढली, चिमट्याने तांब्याचा धागा उचलला आणि फुंकून टाकला. पाच रात्री मी वाचत होतो. वहीच्या समासात तिने लिहिलेल्या शंकाही मी चुकून मोठ्याने वाचायचो. लघुप्रबंध वेळेत गेला.

या छंदाचं पुढे काय झालं, तर जानेवारी 2011 मध्ये इंटेलने सँडी ब्रिज आणला आणि मूळ ठोकाच जवळजवळ बांधून टाकला. 100 चा ठोका थोडा हलवला की सोबतचं बाकी सगळं बिघडायचं. गुणक मोकळा हवा असेल तर नावापुढे ‘के’ असलेली चिप घ्या, आय5-2500के वगैरे, आणि जास्त पैसे मोजा. स्वस्त चिपेला महाग चिपेसारखं पळवायचं म्हणून जो छंद जन्मला, तो महाग चिपेचा शौक झाला. माझ्या मते तिथे त्यातली मजा गेली. वेगाचे विक्रम अजून होतात, पण मला त्यांचं सोयरसुतक नाही.

डबे मात्र राहिले, आणि आता त्यांची मोठी लाट आली आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला. विंडोज 11 इंटेलच्या सातव्या पिढीच्या जवळपास सगळ्या चिपांना अधिकृतपणे घेत नाही. म्हणजे धडधाकट आय5 चे डबे ऑफिसातून बाहेर पडताहेत, पुन्हा एका आकड्यावरून. त्यांचा वेग वाढवायची गरजही नाही. एसएसडी टाका, रॅम वाढवा, जुनी थर्मल पेस्ट खरवडून नवी लावा, लिनक्स घाला. गेम खेळायचे तर बुटक्या उंचीचं ग्राफिक्स कार्ड घ्या, पण ज्याला वेगळी पॉवरची वायर लागत नाही असंच. स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात, आणि काही डब्यांत तेवढेही नाहीत, आधी बघून घ्या.

आमच्या भागाला जुनं यंत्र चालवत राहणं नवीन नाही. यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतला दारव्ह्यावरूनच जायची. तिचं 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत धावलं. एकाहत्तर वर्षं. त्याचा वेग वाढवायचा कुणी प्रयत्न केला असेल असं वाटत नाही. उतरून पुन्हा चढता येतं असं तिच्याबद्दल गमतीने म्हणायचे.

माझा डबा 1.8 वर आहे, एसएसडी आणि लिनक्ससह. हा भाग त्याच्यावरच रेकॉर्ड होतोय. ताईचा मुलगा आता अकरावीत आहे. त्याने परवा एक जुना डबा आणला आणि त्यात झिऑन बसवतो म्हणतोय. मी म्हटलं, बसव, पण टेस्ट मे महिन्यात दुपारी दोन वाजता करायची, आणि तुझ्या आईची एकही फाइल त्याच्यात ठेवायची नाही. तो म्हणाला, “मामा, आईनं हेच सांगितलं.”

चला, लाइट जायच्या आत सेव्ह करतो.