बर्फ, डिझेल आणि प्रयोगशाळा : एका कूपेचा इतिहास

#थ्रेड

१/
मार्च २००८. जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ऑडी कंपनीने गोलसर पाठीची एक छोटी दोनदारी मोटार मांडली. बाहेरून पाहता ती नेहमीचीच टीटी कूपे होती. वेगळेपण होते ते आत. बॉनेटखाली डिझेल इंजिन होते आणि त्याची ताकद चारही चाकांना मिळत होती. ट्रक, ट्रॅक्टर आणि टॅक्सीचे म्हणून ओळखले जाणारे इंधन स्पोर्ट्स मोटारीत आले होते. साडेसात वर्षांनी याच मोटारीचे नाव एका निराळ्याच यादीत आले. या दोन प्रसंगांना जोडणारी ही कथा.

२/
पहिला धागा डिझेलचा. १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची अधिकृत चाचणी झाली. इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा त्याने कामी आणली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना ही मजल दूरच होती. तत्त्व साधे होते. हवा जोराने दाबली की ती तापते. पुरेशी तापली की तिच्यात फवारलेले इंधन ठिणगीवाचून पेट घेते. पेट्रोल इंजिनापेक्षा दाब जास्त, म्हणून त्याच इंधनातून मिळणारे कामही जास्त.

३/
या काटकसरीची किंमत होती. एवढा दाब सोसायचा तर इंजिन जाडजूड आणि जड हवे. ते खडखडाट करी, धूर ओके आणि संथपणे वेग घेई. १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझने २६० डी ही डिझेल मोटार विक्रीला आणली. तिची ताकद होती ४५ अश्वशक्ती. टॅक्सीवाल्यांनी ती आपलीशी केली, कारण त्यांना इंधनाचा हिशेब महत्त्वाचा होता. पुढची अनेक दशके डिझेल मोटारीची ओळख हीच राहिली : टिकाऊ, काटकसरी आणि मंद.

४/
दुसरा धागा चार चाकांचा, आणि तो सुरू होतो फिनलंडच्या बर्फात. १९७६-७७ च्या हिवाळ्यात ऑडीचे अभियंते तेथे नव्या मोटारींची चाचणी घेत होते. सोबत फोक्सवॅगनची इल्टिस ही लष्करी जीप होती. ताकद अवघी ७५ अश्वशक्ती. तरीही निसरड्या रस्त्यावर ती कितीतरी अधिक ताकदीच्या ऑडी मोटारींना मागे टाकी. त्या मोटारींची फक्त पुढची चाके फिरत, इल्टिसची चारही फिरत. यॉर्ग बेन्झिंगर या अभियंत्याच्या मनात प्रश्न आला : हीच युक्ती वेगवान मोटारीत का नको?

५/
प्रश्नामागचे विज्ञान समजून घेण्यासारखे आहे. टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीला मर्यादा असते. ती ओलांडली की चाक जागीच गरगरते आणि इंजिनाची ताकद वाया जाते. तीच ताकद दोनऐवजी चार चाकांत वाटली, की प्रत्येक टायरवरचा भार निम्म्यावर येतो आणि पकड सुटत नाही. तोवर फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे जीप आणि शेतातली वाहने असेच समीकरण होते. ती यंत्रणा जड, अवजड आणि गोंगाट करणारी असे.

६/
बेन्झिंगरने आपली कल्पना कंपनीचे तांत्रिक प्रमुख फर्डिनांड पिएख यांच्यापुढे ठेवली. जानेवारी १९७८ मध्ये ऑस्ट्रियातील तुराखर होए या घाटात चाचणी झाली. चढ २३ टक्क्यांचा, रस्त्यावर बर्फ, आणि मोटारीला साधे उन्हाळी टायर. मोटार चढून गेली. कंपनीतल्या वरिष्ठांच्या शंका पुष्कळशा त्या चढावरच मिटल्या.

७/
खरी करामत गिअरबॉक्समध्ये होती. फ्रान्झ टेंगलर या अभियंत्याने २६ सेंटिमीटरचा एक पोकळ दांडा योजला. इंजिनाची ताकद या दांड्यातून मागे मधल्या डिफरन्शियलपर्यंत जाई. तेथून निम्मी ताकद मागच्या चाकांकडे जाई. उरलेली निम्मी त्याच पोकळ दांड्याच्या आतून फिरणाऱ्या दुसऱ्या दांड्याने पुढच्या चाकांकडे परते. एकाच नळीतून ताकदीचा जाण्यायेण्याचा रस्ता! जीपमध्ये असणारी अवजड वेगळी पेटी त्यामुळे टळली.

८/
मार्च १९८० मध्ये जिनिव्हा येथे ‘क्वात्रो’ कूपे जगासमोर आली. २१४४ सीसीचे पाच सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २०० अश्वशक्ती, ० ते १०० किलोमीटर वेग ७.१ सेकंदांत, कमाल वेग ताशी २२० किलोमीटर. ‘क्वात्रो’ म्हणजे इटालियन भाषेत चार. पुढच्याच वर्षी सानरेमो रॅली क्वात्रोच्या चालक मिशेल मुटॉन यांनी जिंकली. जागतिक रॅली मालिकेतील शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री. १९८२ आणि १९८४ मध्ये उत्पादकांचे जागतिक विजेतेपद ऑडीकडे गेले. दोन चाकांच्या जोरावर वरच्या दर्जाची रॅली जिंकण्याचे दिवस सरत आले होते.

९/
पुन्हा डिझेलकडे. १९८९ मध्ये ऑडी १०० या मोटारीत २.५ लिटरचे टीडीआय इंजिन आले : १२० अश्वशक्ती आणि २६५ न्यूटन-मीटर टॉर्क. जुन्या डिझेल मोटारींत इंधन आधी एका छोट्या कक्षात पेटे आणि मग सिलिंडरमध्ये शिरे. त्या वाटेत उष्णता वाया जाई. येथे इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले गेले, टर्बोने जादा हवा पुरवली आणि फवाऱ्याचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने केले. फियाटने क्रोमा मोटारीत थेट फवारणी थोडी आधी आणली होती. ऑडीने ती वेगवान महामार्गावर मिरवली.

१०/
पुढची पायरी कॉमन रेलची. फियाट समूहात विकसित झालेले आणि बॉशने उत्पादनात आणलेले हे तंत्र १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये दिसले. एका समाईक नळीत इंधन प्रचंड दाबाखाली सतत तयार ठेवायचे, आणि प्रत्येक सिलिंडरला हवे तेव्हा, हवे तेवढे सोडायचे. एका स्फोटासाठी लागणारे इंधन अनेक छोट्या फवाऱ्यांत विभागता येऊ लागले. ज्वलन सौम्य झाले, खडखडाट घटला. डिझेलचा गावंढळ आवाज नरमला.

११/
जून २००६. फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत. ऑडीची आर१० टीडीआय ५.५ लिटरच्या बारा सिलिंडर डिझेल इंजिनासह उतरली. फ्रँक बिएला, इमॅन्युएले पिर्रो आणि मार्को वेर्नर यांनी ती ३८० फेऱ्या पळवून शर्यत जिंकली. ल मान्समध्ये डिझेलचा हा पहिला विजय. प्रेक्षकांना नवल वाटले ते मोटारीच्या शांतपणाचे. २००७ आणि २००८ मध्येही हीच मोटार जिंकली. टॅक्सीचे इंजिन आता विजेत्यांचे झाले होते.

१२/
या पार्श्वभूमीवर २००८ ची टीटी २.० टीडीआय क्वात्रो आली. चार सिलिंडर, १९६८ सीसी, १७० अश्वशक्ती. टॉर्क ३५० न्यूटन-मीटर, आणि तोही मिनिटाला अवघ्या १७५० फेऱ्यांपासून. इंधनाचा दाब १८०० बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे अठराशे पट. सांगाड्याचा मोठा भाग ॲल्युमिनियमचा आणि मागचा काही भाग मुद्दाम पोलादाचा होता. पुढे जड इंजिन असल्यामुळे मागे थोडे वजन असणे तोल राखायला उपयोगी पडे.

१३/
टीटीमधील ‘क्वात्रो’ मात्र १९८० च्या क्वात्रोहून वेगळी होती. इंजिन आडवे बसवलेले असल्याने पोकळ दांड्याची जुनी रचना येथे शक्य नव्हती. त्याऐवजी मागच्या ॲक्सलपाशी स्वीडनच्या हाल्डेक्स कंपनीने विकसित केलेला अनेक चकत्यांचा क्लच होता. एरवी बहुतेक ताकद पुढच्या चाकांना मिळे. पुढची चाके घसरू लागली की तेलाच्या दाबाने चकत्या एकमेकींवर आवळल्या जात आणि ताकद मागे वळे. डिझेलचा टॉर्क कमी फेऱ्यांतच एकदम उसळतो. दोन चाकांना तो ओल्या रस्त्यावर झेपला नसता. येथे दोन्ही धागे एकमेकांच्या गरजेतून जुळले.

१४/
आता आकडे. टीटी टीडीआय ० ते १०० वेग ७.५ सेकंदांत गाठे. कमाल वेग ताशी २२६ किलोमीटर. हे १९८० च्या दंतकथा झालेल्या क्वात्रोशेजारी ठेवून पाहावे : ७.१ सेकंद आणि २२० किलोमीटर. तीस अश्वशक्ती कमी, इंधन डिझेल, तरी कामगिरी जवळपास तीच. आणि अधिकृत चाचणीनुसार इंधन लागे १०० किलोमीटरला ५.३ लिटर, कार्बन डायऑक्साइड किलोमीटरला १३९ ग्रॅम. हा शेवटचा आकडा कंपनी अभिमानाने सांगे.

१५/
तिची थोरली बहीण ए५ ३.० टीडीआय क्वात्रो २००७ मध्येच आली होती : सहा सिलिंडर, २४० अश्वशक्ती, ५०० न्यूटन-मीटर, १०० चा वेग ५.९ सेकंदांत. जानेवारी २००८ मध्ये डेट्रॉइटला आर८ या स्पोर्ट्स मोटारीचा बारा सिलिंडरचा डिझेल नमुना दाखवला गेला : ५०० अश्वशक्ती, १००० न्यूटन-मीटर. तो विक्रीला कधीच आला नाही. पण ल मान्समध्ये २०१२ साली आर१८ ई-ट्रॉन क्वात्रो जिंकली. तिच्या मागच्या चाकांना डिझेल आणि पुढच्या चाकांना विजेची मोटर चालवी. डिझेल आणि चार चाके यांचे नाते येथे कळसाला पोचले.

१६/
जाहिरातीतल्या आकड्यांत एक आकडा मात्र दिसत नसे : नायट्रोजन ऑक्साइड. डिझेलच्या ज्वाळेचे तापमान फार चढते, आणि त्या आचेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो. हा वायू फुप्फुसांना घातक असतो आणि शहरी धुरक्याला हातभार लावतो. उपाय दोन. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून ज्वाळा थंड करायची, पण मग काजळी वाढते आणि फिल्टर लवकर भरतो. किंवा युरियाचे द्रावण फवारून वायूचे विघटन करायचे, पण त्याला वेगळी टाकी, जागा आणि पैसा लागतो. यातून फुकट सुटका नव्हती.

१७/
तरी मोटारी चाचणीत उत्तीर्ण होत. कशा? युरोपातील ती चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर, सुमारे २० मिनिटे चाले. वेग कधी वाढवायचा, कधी थांबायचे, सारे आधीच ठरलेले. फोक्सवॅगन समूहाच्या ईए१८९ या डिझेल इंजिनाच्या संगणकात असा प्रोग्रॅम होता, जो ही परिस्थिती ओळखे. चाचणी सुरू आहे असे कळले की इंजिन संयमाने वागे. रस्त्यावर आले की तो संयम सैल होई.

१८/
ही चोरी उघड झाली तीही रस्त्यावरच. स्वच्छ वाहतुकीसाठी काम करणाऱ्या आयसीसीटी या संस्थेने अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडे एक अभ्यास सोपवला. धूर मोजणारी उपकरणे मोटारीच्या मागे बसवून अभ्यासकांनी ती प्रत्यक्ष महामार्गांवर पळवली. त्यांत मूळचे भारतीय असलेले हेमंत कप्पण्णा आणि अरविंद तिरुवेंगडम हे दोघे होते, आणि स्वित्झर्लंडचे मार्क बेश. एका फोक्सवॅगनने मर्यादेच्या १५ ते ३५ पट, दुसरीने ५ ते २० पट नायट्रोजन ऑक्साइड सोडले. दुसऱ्या कंपनीची तिसरी डिझेल मोटार मात्र बहुतांश मर्यादेत राहिली. म्हणजे स्वच्छ डिझेल अशक्य नव्हते.

१९/
१८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनवर नोटीस बजावली. पाच दिवसांत समूहाचे प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न पायउतार झाले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत हा प्रोग्रॅम असल्याचे समूहाने मान्य केले. त्यांपैकी सुमारे २१ लाख ऑडीच्या होत्या. ऑडीने सांगितलेल्या नावांत ए१, ए३, ए४, ए५, ए६, क्यू३, क्यू५ यांच्या जोडीला आणखी एक नाव होते : टीटी.

२०/
या प्रकरणाची झळ महाराष्ट्रातही पोचली. पुण्यातील एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने भारतातील ईए१८९ इंजिनांच्या मोटारी रस्त्यावर तपासल्या. डिसेंबर २०१५ मध्ये समूहाने भारतात सुमारे ३ लाख २३ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. जर्मनीत २०१८ मध्ये ऑडीला ८० कोटी युरोंचा दंड झाला. तिचे माजी प्रमुख रूपर्ट श्टाडलर यांना २०२३ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने दोषी ठरवले. २०१६ च्या अखेरीस ऑडीने ल मान्सच्या मालिकेतूनही माघार घेतली होती.

२१/
या इतिहासाकडे केवळ फसवणुकीची गोष्ट म्हणून पाहिले, तर पोकळ दांडा, कॉमन रेल आणि ल मान्सचे विजय यांवर अन्याय होतो. ते यश खरेच होते. ७.५ सेकंद आणि २२६ किलोमीटर हे आकडेही खरे होते. पण केवळ यशोगाथा म्हणून पाहिले, तर त्या मोटारींमागून चालणाऱ्या, त्यांचा धूर श्वासात घेणाऱ्या माणसांवर अन्याय होतो. त्यांच्या वाट्याचा आकडा जाहिरातीत नव्हता, आणि प्रयोगशाळेतल्या नोंदीत होता तो रस्त्यावर टिकणारा नव्हता.

२२/
१९७७ मध्ये फिनलंडच्या बर्फाने एका अभियंत्याला त्याच्याच कंपनीच्या महागड्या मोटारींची उणीव दाखवली. त्याने ती झाकली नाही, तिच्यातून क्वात्रो घडवली. तीन दशकांनी त्याच समूहापुढे डिझेलच्या धुराची उणीव आली, तेव्हा ती चाचणीच्या खोलीपुरती लपवली गेली. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांना प्रत्यक्ष रस्त्यावरची धूरचाचणी बंधनकारक झाली. वेस्ट व्हर्जिनियाच्या अभ्यासकांनी मोटारीच्या मागे बांधली होती तशीच उपकरणे आता कायद्याने बांधली जातात.

(समाप्त)

#इतिहास #मोटारींचा_इतिहास #मराठी