खांद्याची इजा आणि पुराव्याचा भार : सैनिकी अपंगत्वाच्या दाव्यांचा इतिहास

पुण्याहून सिंहगडाकडे जाणाऱ्या वाटेवर धायरी हे गाव आहे. त्याचा उरलेला भाग २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाला. गावाच्या एका अंगाला सिंहगड, मुठेच्या पलीकडे खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आणि शहरात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय व कृत्रिम अवयव केंद्र आहे. सैनिकाच्या शरीराची घडण आणि त्याची शुश्रूषा अशा रीतीने काही कोसांच्या परिघात येते. त्या शरीराच्या हानीचा हिशेब मात्र दूरवरच्या दप्तरांत होतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाची सेवापुस्तके बेळगावी, निवृत्तिवेतनाची मंजुरी प्रयागराज येथे, आणि वाद उत्पन्न झाल्यास त्याचा निवाडा दिल्ली वा मुंबई येथे. प्रस्तुत लेखात या हिशेबाचा, आणि विशेषतः खांद्याच्या विकारांविषयीच्या अपिलांचा, विचार करावयाचा आहे.

जखमी सैनिकास मोबदला देण्याची कल्पना या प्रदेशास नवीन नाही. अफझलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजी महाराजांनी जखमींना जखमेच्या मानाने होन वाटल्याचे सभासदाने आपल्या बखरीत नमूद केले आहे. पुढे पेशवाईत, लढाईत पडलेल्यांच्या मुलांसाठी बालपरवेशीची नेमणूक होत असे. या जुन्या पद्धतीत जखम हाच पुरावा होता. ती डोळ्यांना दिसे, ती कोठे झाली हे सोबत्यांना ठाऊक असे, आणि देणारा धनी समोर असे.

विसाव्या शतकातील महायुद्धांनी हे चित्र पालटले. १९१७ साली अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरी संस्था मुंबईत स्थापन झाली व पुढे ती खडकीस आली. १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. या दोन्ही संस्थांची उपयुक्तता निर्विवाद आहे. परंतु अपंग सैनिक म्हणजे हात किंवा पाय गमावलेला सैनिक, अशी समजूत समाजात रूढ होण्यास त्यांच्या कार्याने नकळत हातभार लावला, असे मानावयास जागा आहे.

खांद्याचा सांधा या समजुतीत बसत नाही. खांद्याची खोबण उथळ आणि त्यात फिरणारा हाडाचा गोळा मोठा. त्यामुळे हात सर्व दिशांना फिरतो, पण सांधा सहज निखळतो. तरुण वयात तो एकदा निखळला म्हणजे पुन्हा निखळण्याचा संभव बराच असतो. दोरावर चढणे, कोलांट्या, मुष्टियुद्ध, पिट्ठूचे ओझे, बंदुकीचा धक्का, ही सर्व सैनिकी शिक्षणाची नित्याची अंगे खांद्यावरच येतात. इजा होते ती बहुधा रणांगणाबाहेर. शत्रूची गोळी नाही, व्रण नाही. वर्षे लोटल्यावर हात डोक्यावर जात नाही, तेव्हा हे दुखणे सेवेतील की वयाचे, हा प्रश्न उपस्थित होतो.

१९६१ च्या सैन्य निवृत्तिवेतन नियमावलीतील १७३ व्या नियमाने दोन कसोट्या घातल्या. अपंगत्व सैनिकी सेवेमुळे उद्भवलेले वा वाढलेले असावे, आणि त्याचे प्रमाण २० टक्के किंवा अधिक असावे. दोहोंचा निर्णय वैद्यकीय मंडळाने करावयाचा. खांद्याचे दावे नेमके या उंबरठ्यावर अडखळतात. १९ आणि २० यांतील अंतर कोनमापकावर सूक्ष्म, पण कुटुंबाच्या मिळकतीत मोठे. सहाव्या वेतन आयोगापासून शंभर टक्के अपंगत्वाचा भाग अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के धरला जातो. म्हणजे २० टक्क्यांस ६ टक्के. शिवाय २००१ च्या आदेशाने ५० च्या आतील अपंगत्व ५० धरावयाचे ठरल्यामुळे, उंबरठा ओलांडणाऱ्यास हाच भाग १५ टक्के मिळू लागला. मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही ही सवलत लागू आहे, हे राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले.

टक्क्यांपेक्षाही कळीचा प्रश्न पुराव्याच्या भाराचा होता. १९८२ च्या पात्रता नियमांनी सैनिकाच्या बाजूने गृहीतक मांडले होते. भरतीच्या वेळी ज्याच्या शरीरात दोष नोंदलेला नाही तो निरोगी होता असे मानावे, आणि दाव्याच्या अटी सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकू नये. तथापि बलजित सिंग (१९९६), केशर सिंग (२००७) आणि दामोदरन (२००९) या निर्णयांत वैद्यकीय मंडळाच्या मताला प्राधान्य मिळाले. धरमवीर सिंग प्रकरणात, जुलै २०१३ मध्ये, न्यायालयाने नियमांच्या मूळ शब्दांकडे लक्ष वेधले. तो दावा अपस्माराचा होता. पण मंडळाने कारणे न देता सेवेशी संबंध नाकारणे पुरेसे नाही, हे त्यातील तत्त्व खांद्यासही तितकेच लागू पडते. सुखविंदर सिंग प्रकरणात (२०१४) वैद्यकीय कारणावरून सेवामुक्त केलेल्या सैनिकाचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक मानावे, असे ठरले.

दाद मागण्याची जागा मात्र उशिरा निर्माण झाली. ब्रिटनमध्ये निवृत्तिवेतन अपील न्यायाधिकरणांचा कायदा १९१९ मध्ये झाला. अमेरिकेत स्वतंत्र न्यायालय १९८८ च्या कायद्याने आले. त्याच अमेरिकन न्यायालयाने १९९५ मध्ये डीलुका यांच्या खांद्याच्या प्रकरणात, केवळ हात किती अंशांत उचलतो हे मोजून भागणार नाही, वेदना आणि थकवा यांनी होणारी कार्यहानीही पाहिली पाहिजे, असे सांगितले. आपल्याकडे सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा व त्याचे काम सुरू झाले २००९ मध्ये. तोपर्यंत खात्यांतर्गत अपिले संपल्यावर उच्च न्यायालयातील रिट अर्ज हाच मार्ग होता. ज्या जवानाचे शिक्षण बेताचे त्याला तो किती परवडत असेल, याची कल्पना सहज करता येईल.

धायरीसमोरच्या प्रबोधिनीतील तरुणांची स्थिती आणखी निराळी. प्रशिक्षणात जायबंदी होऊन बाहेर पडलेल्या छात्राला कमिशन मिळालेले नसते. म्हणून त्याची गणना माजी सैनिकांत होत नव्हती आणि निवृत्तिवेतनाऐवजी त्याच्या वाट्याला सानुग्रह रक्कम येई. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये या प्रश्नाची आपण होऊन दखल घेतली. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियमही अमलात आले आहेत. धरमवीर सिंग निर्णयाचा पाया १९८२ चे नियम हा होता. तेव्हा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांच्या बाबतीत भार कोणाकडे, हा प्रश्न पुन्हा नव्याने चर्चिला जाणार, हे उघड आहे.

या विषयाच्या अभ्यासकाने तीन कागदांकडे बारकाईने पाहावे : भरतीच्या वेळची वैद्यकीय नोंद, इजा झाल्या दिवशीचा अहवाल आणि सेवामुक्तीच्या मंडळाचे मत. तिन्ही कागद सरकारने लिहिलेले व सरकारच्याच ताब्यातले असतात. सैनिकाची त्यांवर बहुधा सहीच तेवढी असते. खांदा निखळल्या दिवशी अहवाल लिहिला गेला नाही, तर पंधरा वर्षांनी ती इजा घडलीच नव्हती असे ठरू शकते. अपील करणारा जवान म्हणून वस्तुतः एवढेच मागतो की, मला घेताना तुम्ही निर्दोष लिहिलेत, तो तुमचा शब्द तुम्ही पाळावा. सभासदाच्या काळी धनी जखम पाहत असे. आजच्या धन्याने निदान आपली नोंद वाचावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.