आघात जागचा हलत नाही

इटालियन शिकायला लागलो तेव्हा पहिल्या वहीत मी क्रियापदं देवनागरीत उतरवून घेतली आणि तिथेच फसलो. 'आमो' म्हणजे 'मी प्रेम करतो' आणि 'आमो' म्हणजेच 'त्यानं प्रेम केलं'. वहीत दोन्ही सारखेच. इटालियन कानाला मात्र पहिल्यात जोर 'आ'वर ऐकू येतो, दुसऱ्यात 'मो'वर. मराठीत जोर सरकल्यानं काळ किंवा पुरुष बदलत नाही, त्यामुळे आपल्या लिपीला तो दाखवायची गरजच पडली नाही.

इटालियन लेखनातही आघात शेवटच्या अक्षरावर असेल तरच खूण सक्तीची असते. एरवी तो वाचणाऱ्यानं ओळखायचा. बहुतेक शब्दांत तो शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. म्हणून 'ते प्रेम करतात' हे रूप मी आ-मा-नो असं 'मा'वर जोर देऊन म्हणायचो. ते चूक होतं. जोर 'आ'वर, म्हणजे शेवटून तिसऱ्या अक्षरावर आहे.

याचं उत्तर लॅटिनमध्ये सापडतं. तिथे हेच रूप दोन अक्षरांचं होतं: आ-मान्त. दोन अक्षरी शब्दात लॅटिनचा आघात पहिल्यावर. पुढे 'त' गळाला, 'आमान' उरलं आणि 'सोनो' (ते आहेत) या रूपाच्या ओढीनं त्याला 'ओ' चिकटला. शब्दाचं शेपूट वाढलं, आघात होता तिथेच राहिला.

भूतकाळात नेमकं उलट घडलं. लॅटिन आ-मा-वित मध्ये 'मा' दीर्घ, म्हणून जोर त्यावर. बोलण्यात 'वित'मधली 'इ' गळून 'आमाउत' झालं, मग 'त' गेला आणि 'आउ'चा 'ओ' झाला. मागचं सगळं झिजलं आणि आघात शब्दाच्या टोकाशी उघडा पडला. आज त्यावर खूण द्यावी लागते ती यामुळे.

इटालियन कवितेत आणि ऑपेराच्या संहितांत 'आमानो'चा तो 'ओ' गरजेप्रमाणे पुन्हा गाळला जायचा. तरी जोर 'आ'वरच.

टेलिफोन तर एकोणिसाव्या शतकातला. पण 'ते फोन करतात' हे ते-ले-फो-ना-नो असं म्हणताना जोर 'ले'वर येतो, शेवटून चक्क चौथ्या अक्षरावर. रोमनांनी कधी न पाहिलेल्या यंत्राच्या क्रियापदालाही तेच जुनं शेपूट लागलं आहे.

आता मी वहीत आघाताच्या अक्षराखाली रेघ मारतो.