कचऱ्याच्या काचेची कुळकथा

1944च्या अखेरीस अमेरिकेत हॅनफर्ड इथे बॉम्बसाठी प्लुटोनियम काढायला सुरुवात झाली, तेव्हा मागे उरणाऱ्या द्रवाचं काय करायचं याचा विचार करायला कुणाला सवड नव्हती. अणुभट्टीतून निघालेलं इंधन आम्लात विरघळवायचं, प्लुटोनियम काढून घ्यायचं आणि उरेल ते टाकीत सोडायचं, एवढाच शिरस्ता. आम्लाला दाद न देणारं स्टेनलेस स्टील युद्धामुळे दुर्मिळ होतं. म्हणून साध्या पोलादाच्या टाक्या जमिनीत पुरल्या आणि आम्लानं त्या खाऊ नयेत म्हणून द्रवात कॉस्टिक सोडा ओतला. त्यानं कचरा फुगला आणि तळाशी गाळ घट्ट बसला. पुढे तिथे अशा 177 टाक्या झाल्या, आणि त्यांतल्या कित्येक गळल्या.

सोव्हिएत रशियातल्या मायाक अणुप्रकल्पात याहून वाईट घडलं. हा द्रव स्वतःच्याच किरणोत्सारानं तापत राहतो. तिथल्या एका टाकीची शीतकरण यंत्रणा बिघडली, पाणी आटलं आणि 29 सप्टेंबर 1957 रोजी उरलेल्या क्षारांचा स्फोट झाला. हजारो लोकांना कायमचं घर सोडावं लागलं.

अणुउद्योगाच्या सगळ्या कचऱ्यात या जहाल प्रकाराचं आकारमान साधारण 3 टक्के, पण एकूण किरणोत्सारातला सुमारे 95 टक्के वाटा त्याचा. सौम्य कचरा सिमेंटमध्ये घट्ट करून भागतं. या तापट द्रवाला मात्र दुसरं काहीतरी हवं होतं.

अडचण अशी की, त्यात सीझियम, स्ट्रॉन्शियम अशी तीसहून अधिक मूलद्रव्यं असतात आणि प्रत्येकाच्या अणूचा आकार निराळा. हे सगळे अणू एखाद्या घन पदार्थात कोंडायचे, तर स्फटिक म्हणजे आरक्षित डबा. ज्याची जागा त्यानंच बसायचं. काच म्हणजे मुंबईची लोकल. तिच्या अणूंची रचनाच विस्कळीत, त्यामुळे थोडं सरकून चौथी सीट द्यायला ती तयार असते. शिवाय कचऱ्याचे अणू तिच्यात नुसते अडकत नाहीत, तिच्या जाळ्याचाच भाग होतात.

यासाठी नवी काच शोधावी लागली नाही. जर्मनीतल्या येना गावी ऑटो शॉटनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बोरोसिलिकेट काच तयार केली होती, ती प्रयोगशाळांसाठी. त्याच कुळातली काच पुढे पायरेक्स आणि बोरोसिल या नावांनी स्वयंपाकघरात शिरली. बोरॉनमुळे काचेचं मिश्रण कमी तापमानाला वितळतं. भट्टी फार तापली तर सीझियम वाफ होऊन उडून जातं, म्हणून हा गुण मोलाचा.

पहिली धीट परीक्षा मात्र वेगळ्या काचेची झाली. कॅनडातल्या चॉक रिव्हर इथे 1958 आणि 1960 साली नेफेलिन सायनाइट या दगडापासून केलेल्या काचेत खरा किरणोत्सारी कचरा कोंडून ते गोळे उघडेच, भूजलाच्या पातळीखाली पुरले. आजूबाजूचं पाणी वर्षानुवर्षं तपासलं गेलं. बाहेर झिरपलेलं स्ट्रॉन्शियम नगण्य निघालं. कारखान्याच्या पातळीवर हे काम 1978मध्ये फ्रान्समधल्या मार्कूल इथे सुरू झालं.

भारतात पहिला मान आपल्या तारापूरचा. तिथला प्रकल्प 1980च्या दशकातला. जाड काँक्रीटच्या भिंतीआड भट्टी असते. कामगार बाहेर, शिसं घातलेल्या पिवळसर, भल्या जाड काचेच्या खिडकीपाशी उभा राहून मुठी फिरवतो आणि आतले लोखंडी हात तशीच हालचाल करतात. हजार अंशांच्या आसपास तापलेला रस स्टेनलेस स्टीलच्या डब्यात ओतायचा, झाकण वेल्ड करायचं, डबा बाहेरून धुऊन काढायचा. पुढे निदान तीसेक वर्षं तो हवेनं थंड होणाऱ्या तळघरात राहतो.

मुंबईतल्या ट्रॉम्बेला हीच कृती जशीच्या तशी चालली नाही. तिथल्या कचऱ्यात, प्लुटोनियम वेगळं काढताना वापरलेल्या रसायनांतून आलेलं सल्फेट होतं. ते बोरोसिलिकेटमध्ये नीट मुरत नाही. वर निराळा थर धरतं, तो पाण्यात सहज विरघळतो आणि सीझियमलाही सोबत नेतो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रसायनज्ञांनी तिथे बेरियम घालून काचेची कृतीच बदलली. आपल्या अणुकार्यक्रमातलं हे न गाजलेलं, पण अस्सल काम. कचऱ्यातून वेगळं काढलेलं सीझियम आता काचेत मुरवून, कांड्यांच्या रूपात रक्तपेढ्यांच्या विकिरण यंत्रांसाठीही वापरतात.

पण ही काच टिकणार किती? कचऱ्यात थोडंफार उरणाऱ्या प्लुटोनियम-239चं अर्धायुष्य सुमारे 24 हजार वर्षं आणि माणसाच्या हातच्या काचेचं वय फार तर काही हजार. म्हणून फ्रेंच संशोधकांनी भूमध्य समुद्रात बुडालेल्या एका रोमन जहाजातली काच तपासली. अठराशे वर्षं खाऱ्या पाण्यात राहून तिला बाहेरून झीज लागली होती, पण आतल्या भेगा झिजेच्याच पदार्थांनी बुजल्या होत्या. आपल्या दख्खनच्या नैसर्गिक बेसाल्टी काचेवरही याच कारणासाठी अभ्यास झाला आहे.

काच झाली की काम संपलं, असं समजणं मात्र चुकीचं. तिला शेवटी खोल, कोरड्या खडकात जागा हवी. 1980च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे हजार मीटर खोलीवर हीटर ठेवून, कचऱ्याच्या उष्णतेनं खडकाचं काय होतं ते आपल्याकडे तपासून झालं. पण कायमच्या भांडाराची जागा भारतानं अजून निश्चित केलेली नाही.