बेळगावचे स्टेशन आणि आपण गोवेकर

परवा एका कामानिमित्त बेळगावला जाणे झाले. हल्ली चोर्ला घाटातून गेले की बेळगाव जवळच वाटते, त्यामुळे तिथले रेल्वे स्टेशन आपल्याला फारसे आठवत नाही. काम लवकर आटोपले, परतीच्या बसला वेळ होता, म्हणून कॅम्पातून चालत स्टेशनपर्यंत गेलो. माझे आजोबा सावर्ड्याला गाडीत बसून याच स्टेशनावर उतरले होते, शिकायला. ती गोष्ट ते शेवटपर्यंत सांगत.

१८१८ मध्ये इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढे किल्ल्याबाहेर छावणी वसली. तोच हा कॅम्प. रुंद रस्ते, जुनी झाडे, बंगले, चर्च, आणि १९२२ पासून मराठा पलटणीचे केंद्र. रेल्वे मात्र किल्ला पडल्यावर जवळजवळ सत्तर वर्षांनी आली. स्टेशन कॅम्पाला लागून असल्यामुळे ते फक्त पलटणीसाठी बांधले असा पुष्कळांचा समज असतो. पण त्यात आपल्या गोव्याचाही मोठा वाटा आहे.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात या भागात धान्य पोचवणे कठीण झाले, तेव्हा सरकारला रेल्वेची गरज पटली. दुसरीकडे धारवाड-हुबळीच्या कापसाला जवळचे बंदर हवे होते, आणि ते होते मुरगाव. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि मुरगाव बंदर व तिथून घाटावर जाणारी रेल्वे यांचा मार्ग मोकळा झाला. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. १८८७ मध्ये बेळगावला गाडी आली, १८८८ मध्ये गोव्याकडची लाईन घाट चढून कॅसलरॉकला भिडली. मीटर गेजचे ते रूळ लोंढ्याला एकत्र आले आणि बेळगाव मुरगावशी जोडले गेले. १९०२ पासून तर गोव्यातली लाईनसुद्धा सदर्न मराठा कंपनीच चालवू लागली. राज्ये दोन, पण रेल्वे एक!

ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात हरिपद मित्र या वन खात्यातल्या अधिकाऱ्याकडे उतरले होते. निघताना मित्रांनी त्यांना मुरगावचे तिकीट काढून गाडीत बसवून दिले. स्वामीजी गोव्यात आले ते असे. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले तेही इथेच, टिळकवाडीत. पुढे १९४६ च्या मे महिन्यात बेळगावच्या साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि तिथेच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला.

आजोबांच्या आठवणीत यातले काहीच नव्हते. त्यांना आठवायची ती कुळ्याची तपासणी. इकडे कुळ्याला पोर्तुगीजांची, तिकडे कॅसलरॉकला इंग्रजांची. प्रत्येक वेळी ट्रंक उघडायची, पुन्हा कपडे कोंबून बंद करायची. "बेळगावच्या फलाटावर पाय ठेवला की छाती मोकळी व्हायची," असे ते म्हणत.

त्यांची धाकटी बहीण बेळगावातच दिली होती. १९५५ मध्ये, सत्याग्रहाच्या त्या वर्षी, भारत आणि गोवा यांच्यातली रेल्वे बंद झाली आणि ये-जा फार अवघड झाली. १९५८ मध्ये बहीण वारली. आजोबांना बातमी पोचली ती तेराव्यानंतर. गोवा मुक्त झाला, गाडी पुन्हा सुरू झाली, आजोबा बेळगावला गेले, पण भेटायला कोण उरले होते? स्टेशनवर उतरल्यावर पहिल्यांदाच छाती मोकळी झाली नाही, असे एकदा बोलून गेले होते.

नंतर बेळगाव आपल्याला हळूहळू लांब होत गेले. नव्वदच्या दशकात मीटर गेज जाऊन ब्रॉड गेज आले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि आपला मुंबईचा रस्ता किनाऱ्याने जाऊ लागला. २०१४ मध्ये शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. २७ फेब्रुवारी २०२३ रोजी स्टेशनच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. सुमारे १९० कोटी खर्चून ती बांधली आहे. त्याच दिवशी लोंढा-बेळगाव-घटप्रभा दुहेरी मार्गाचेही लोकार्पण झाले. आता इथे वंदे भारतही थांबते. आपल्या बाजूचा कॅसलरॉक-कुळे घाट मात्र वेगळा आहे. तिथल्या दुहेरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. जंगलासाठी ते योग्यच झाले असे मला वाटते.

नवी इमारत चकचकीत आहे, नावे ठेवायला जागा नाही. मी जुन्या खुणा शोधत होतो, त्या फारशा सापडल्या नाहीत. फलाटावर एक तरुण जवान काळी ट्रंक पायाशी घेऊन बसला होता. ती ट्रंक पाहिली आणि आजोबा आठवले.

असो. गोव्यातल्या किती घरांत बेळगावला दिलेल्या आत्या, मावश्या असतील, तिथे शिकलेले आजोबा असतील! सीमेच्या भांडणात बेळगाव कोणाचे हा प्रश्न नेहमी येतो. पण आपलीही तिथे काही माणसे होती, आणि त्यांच्याकडे नेणारी वाट या स्टेशनातून जात होती, एवढे तरी आपण विसरू नये. पुढच्या खेपेला बसने न जाता कुळ्याहून गाडीने जायचे ठरवले आहे. ट्रंक आता कोणी उघडणार नाही.