मध्वासवांतील मध : प्रमाण, रसवृद्धि व जीर्णत्व

जुन्या वैद्यक पोथ्यांबरोबर आसवांच्या कृतींचीं सुटीं पानें संग्राहकांच्या हातीं येतात. त्यांत ‘मधु’ हा शब्द दिसतांच तें मधाचें मद्य समजण्याकडे वाचकाची प्रवृत्ति होते. ती सर्वत्र बरोबर नव्हे. श्री. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसुराहून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या सुराध्यक्ष-प्रकरणांत ‘मधु’ म्हणजे द्राक्षांचा रस, अशी स्पष्ट व्याख्या आहे. कापिशायन व हारहूरक हीं त्याचीं नांवें देशांवरून पडलेलीं आहेत. मध शोधावयाचा तो आसवांत.

पण तेथें तरी तो किती? कौटिल्याच्या आसवांत कवठ १ तुळा, म्हणजे १०० पलें, फाणित ५ तुळा व मध अवघा १ प्रस्थ. त्याच्याच मानाध्यायांत द्रोण २०० पलांचा व प्रस्थ त्याचा सोळावा हिस्सा. तेव्हां प्रस्थ १२॥ पलांचा झाला. हें मान धान्याचें. मध जड म्हणून दुप्पट धरला तरी ५०० पलें फाणितापुढें तो २५ पलेंच भरतो. हा मध मद्याचें मूलद्रव्य नसून रुचीपुरता आहे, असें आमचें मत आहे. प्रमाण चतुर्थांशानें वाढविल्यास आसव ज्येष्ठ, तितकेंच घटविल्यास कनिष्ठ, ही प्रतवारीहि तेथेंच आहे. राजपेय सुरेची कुंभी मूठभर चूर्णानें निवळून वर ५ पलें फाणित ‘रसवृद्धी’साठीं घालावें, असेंहि सांगितलें आहे. हें केवळ सरकारी भट्टीचें शास्त्र नव्हतें. कुटुंबी लोकांस कार्यप्रसंगीं श्वेतसुरा व औषधार्थ अरिष्ट करण्याची मुभा होती.

चरकाचा मध्वासव निराळा. प्रमेहचिकित्सेंत लोध्र, शटी, पुष्करमूळ, वेलची, त्रिफळा इत्यादि द्रव्यें १ द्रोण पाण्यांत उकळून चतुर्थांश काढा उरवावा, गाळून त्यांत त्याच्या निम्मा मध घालावा व तुपानें माखलेल्या भांड्यांत पंधरवडा ठेवावा, अशी कृति आहे. येथें मध हेंच मूलद्रव्य. मधांत सुमारें चार-पंचमांश साखर असते. वजनानें हिशेब केला तर मिश्रणांत साखर चौथाईहून अधिक भरते. शिवाय मधांत किण्वास पोषक द्रव्यें थोडीं, म्हणून तो मुळांतच सावकाश आंबतो. तेव्हां पंधरा दिवसांचा मध्वासव गोडच लागला पाहिजे. मग सूत्रस्थानांत मध्वासवास छेदी व तीक्ष्ण कां म्हटलें? तीक्ष्ण हा रस नसून गुण आहे, असा आक्षेप येईल. पण लागलीच मैरेयास मधुर म्हटलें असल्यामुळें चवीचा भेद अभिप्रेत दिसतो. आमच्या मतें उत्तर त्याच अध्यायांतील जीर्ण मद्याच्या विवेचनांत आहे. नवें मद्य जड व दोषकारक, जुनें हलकें, दीपन व रुचकर, असें तेथें म्हटलें आहे. पंधरवडा हा मध्वासव पिण्याजोगा होण्याचा काळ. गोडी उतरून तीक्ष्णता येते ती त्यापुढील मुरण्यानें.

शार्ङ्गधरानें, ज्यांचें मान सांगितलेलें नाहीं अशा अरिष्टांसाठीं, १ द्रोण द्रवास १ तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध व दशमांश प्रक्षेप, असा नियम घालून दिला. मध्वासवाचें मान चरकानें स्वतःच दिलें असल्यामुळें हा नियम त्यास लागू नाहीं. एखाद्या सुट्या पानावर त्या कृतींत गूळ आढळल्यास तो चरकाचा पाठ समजूं नये; पान शार्ङ्गधरानंतरचें असण्याचा संभव आधीं तपासावा.